मोटारी भरायचं दुकान, पंधरा वर्षं झाली, आता एकटाच. हाताखाली माणूस घ्यावा का?

तासगावचा वायंडर · १२ जून, रात्री ११.२०

नमस्कार. तासगाव तालुक्यात रस्त्याकडेला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, म्हणजे विजेच्या मोटारीतली जळालेली तार काढून नवी भरायची. पंधरा वर्षं झाली. शेतीपंपाच्या सबमर्सिबल मोटारी, मोनोब्लॉक, ओपनवेल, गिरणीच्या मोटारी, अधूनमधून पंखे नि मिक्सर. वय एकोणचाळीस. एकटाच करतो. बायको घरचं आवरून दुपारी येते, स्लॉटचा, म्हणजे तार बसते त्या खाचांचा, पेपर कापून देते, माझे हात तारेत असले की फोन घेते, पंख्याची कॉइल ती भरते. बाकी सगळं माझ्याकडं: मोटार खोलायची, जळालेली तार काढायची, वेढे मोजायचे, नवी तार ओढायची, कनेक्शन, बुश, टेस्टिंग, आणि संध्याकाळी उधारीचे फोन.

यंदाच्या एप्रिलचा हिशोब वहीत आहे. ४१ मोटारी दारात आल्या. २६ भरून दिल्या. १५ परत गेल्या, कारण मी म्हणालो पाच दिवस लागतील. द्राक्षाची खरड छाटणी झाली की बागेला पाणी लागतंच. शेतकरी पाच दिवस थांबणार कसा? त्यात लाईट आठ तास, तीही काही दिवस रात्रीची. एक फेज जातो, व्होल्टेज पडतं, स्टार्टरमधला प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारा भाग, कुणीतरी वैतागून बायपास केलेला असतो. सकाळी माणूस मोटारसायकलवर मोटार आडवी बांधून दारात उभा. ताकारी-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं आवर्तन सुटलं की तीच गर्दी पुन्हा.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, म्हणजे माझी अडचण कळेल. पाण्यात चालणाऱ्या मोटारीची तार प्लॅस्टिकच्या आवरणाची असते. स्टेटरचे, म्हणजे मोटारीतल्या न फिरणाऱ्या लोखंडी भागाचे, स्लॉट वरून बंद असतात, त्यामुळं तयार कॉइल आत बसवता येत नाही. सुईत दोरा ओवावा तसा एकेक वेढा या टोकातून घालून त्या टोकाला ओढून घ्यायचा. ओढताना लोखंडाच्या धारेला तार नखाएवढी जरी खरवडली, तरी पुढं त्याच जागी पाणी शिरतं आणि मोटार जाते. एक स्टेटर भरायला माझे पाच तास जातात, सलग बसलो तर.

माणसं ठेवून बघितली आहेत. पहिला पोरगा चार वर्षं होता. हुशार. माझ्याकडून शिकला आणि तीन किलोमीटरवर स्वतःचं दुकान टाकलं. माझी आठ-दहा गिऱ्हाइकं तिकडं गेली. दुसऱ्यानं भरलेली साडेसात एचपीची मोटार नवव्या दिवशी परत आली. साडेचारशे फूट बोअर. चेन-पुलीवाल्यांचे मोटार काढायचे-सोडायचे पैसे मी दिले, मोटार फुकट भरून दिली, आणि त्या माणसाची बाग तेवढे दिवस तहानलेली राहिली ते मनाला लागलं ते लागलंच. तेव्हा ठरवलं, आता कुणी नको.

आता अडचण अशी. पाठ दुखते. अंगठ्याच्या सांध्यात कळ येते. पण त्याहून मोठी गोष्ट, सकाळी शटर वर करावंसं वाटत नाही. पूर्वी मी चहा अर्धा टाकून दुकानात पळायचो. जळालेली मोटार खोलली की वासावरून नि काळ्या पडलेल्या कॉइलवरून कळायचं, ही एक फेज गेल्यानं जळाली, ही कोरडी फिरली. ते ओळखण्यात मला फार आनंद होता. आता मोटार आली की आधी पोटात गोळा येतो.

शेजारच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. कुणीही उठून सांगतं, लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, १९१० ला इथं माळावर कारखाना उभा केला, तू का नाही वाढत? मला कारखाना नको. पुढच्या एप्रिलमध्ये पंधरा माणसं परत जाऊ नयेत आणि मला रात्री झोप लागावी, एवढंच हवं आहे. ज्यांनी एकट्याचं दुकान दोघा-चौघांचं केलं त्यांनी सांगा. पावसाळ्यात माझ्याकडं महिन्याला सहा-सात मोटारी येतात. तेव्हा पगार कुठून द्यायचा?

---

रावेर रिवायंडिंग · १३ जून, सकाळी ६.५०

भाऊ, मी तुमच्याच धंद्यातला. रावेरकडे केळीचा पट्टा, सगळं ट्यूबवेलवर. आज माझ्याकडे चार माणसं आहेत, पण मीही नऊ वर्षं एकटा होतो.

एका मोटारीमागे हातात काय राहतं ते तुम्ही लिहिलं नाही. माझ्याकडे ५ एचपीला तार, पेपर, बुश वजा जाता साधारण १,८०० राहतात. तेच धरलं तर १५ मोटारी म्हणजे २७,००० रुपये एका एप्रिलमध्ये तुमच्या दारातून परत गेले. पावसाळ्यात सात मोटारी म्हणजे १२,६००. त्यात तुमचंच घर कसंबसं चालेल, पगार निघणार नाही. म्हणजे तुमची भीती खरी आहे. माणूस परवडत नाही असं नाही, तो जुलैत परवडत नाही.

मी काय केलं ते सांगतो. जून संपला की भंगारवाल्यांकडे चक्कर मारतो. बॉडी, शाफ्ट, रोटर चांगले असलेल्या जळक्या मोटारी वजनावर घेतो. ३, ५ आणि साडेसात एचपी, आमच्या भागात जास्त चालणारेच. पावसाळाभर माझी माणसं त्या भरतात. बुश बदलून, टेस्ट करून, रंग मारून फळीवर. एप्रिलमध्ये शेतकरी जळकी मोटार घेऊन आला की त्याच्या हातात तासाभरात तयार मोटार देतो. पाणी त्याच दिवशी सुरू. त्याची मोटार रांगेतल्या तिच्या नंबराने भरली जाते. मग तो आपली परत घेऊन जातो आणि मधल्या दिवसांचं भाडं देतो, नाहीतर दोन्हींचा दर्जा बघून वरचे पैसे ठरवून आदलाबदल करतो. उन्हाळ्याचं काम पावसाळ्यात करून ठेवायचं, एवढीच युक्ती आहे. पहिल्या वर्षी मी तीनच मोटारी ठेवल्या होत्या, आता अकरा असतात.

एक गोष्ट आधीच बजावतो. तांब्यात पैसा अडकतो. फळीवर दहा मोटारी म्हणजे दहा मोटारींची तार तुम्ही रोखीने घेऊन ठेवली, पैसे आठ महिन्यांनी येणार. म्हणून एकदम उडी नको. तीन करा, फार तर चार.

आता दुसऱ्या पोराची गोष्ट. वाईट वाटून घेऊ नका, पण विचारतो. ती साडेसातची मोटार भरल्यावर स्टेटर रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी मेगर (तारेच्या आवरणातून वीज गळते का ते दाखवणारं यंत्र) लावला होता का? लावला असता तर खरवडलेली तार टाकीतच सापडली असती, साडेचारशे फुटांवर नाही. माझ्याकडे नियम आहे. कुणीही भरलेली असो, मी स्वतः भरलेली असो, रात्रभर पाण्यात राहिल्याशिवाय बॉडीत जात नाही. गिऱ्हाईक दारात बसून राहिलं तरी नाही. फळीवर तयार मोटार असली की हा नियम पाळताही येतो, कारण घाई उरत नाही.

पगार: ८,००० बांधील, आणि मेगरमधून पास झालेल्या प्रत्येक स्टेटरमागे २५०. नापास झाला तर कापायचं काही नाही, फक्त त्यानेच परत भरायचा. पोरं आपोआप धारेवर फाइल मारायला शिकतात.

---

साताऱ्याचा फिटर · १३ जून, दुपारी १.०५

सगळे वाढ म्हणतील, म्हणून मी उलट लिहितो. मी पंपसेट बसवतो, बावीस वर्षं एकटा, पुढेही एकटाच राहणार. पंखे-मिक्सर बंद करा. दर वाढवा. तुमच्याकडून परत गेलेला माणूस पाच दिवस लागतील म्हणून गेला, दर जास्त म्हणून नाही, हे तुमच्याच लिहिण्यात आहे. दिवसाला एकच स्टेटर, सातला शटर खाली. पाठ एकच असते. माणूस सांभाळणं हे वेगळं काम आहे आणि ते प्रत्येकाच्या स्वभावाला मानवत नाही. मला नाही मानवलं.

---

तासगावचा वायंडर · १३ जून, रात्री १०.४०

रावेरवाले दादा, नव्हता लावला मेगर. मे महिना होता, गिऱ्हाईक दारात उभं होतं, मी म्हणालो सोड. आजवर ती चूक मी त्या पोराच्या नावावर टाकत आलो. तुमचं वाचून जेवण गेलं नाही मला आज.

फळीवरच्या मोटारींचं पटलं. आमच्याकडं एक-दोघं जोड मोटार ठेवतात, पण मी त्याकडं कधी या नजरेनं बघितलं नाही.

साताऱ्याचे दादा, दर वाढवायचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, चार वर्षांत मी दर वाढवलेला नाही. पण पंधरा माणसं परत जातात त्याचं काय, ते माझ्या मनातून जात नाही.

तरी मूळ शंका तशीच आहे. शिकवायचं म्हणजे वही दाखवायची. पंधरा वर्षांत खोललेल्या प्रत्येक मोटारीचे स्लॉट, वेढे, तारेचा गेज, पिच, कनेक्शन त्या वहीत आहे. कुठल्या कंपनीच्या कुठल्या मॉडेलला मूळ वेढे किती आणि आमच्या कमी व्होल्टेजच्या गावांना मी किती घालतो, तेसुद्धा. वही म्हणजेच दुकान. ती दुसऱ्याच्या हातात दिल्यावर माझ्याकडं उरतं काय?

---

डोंबिवलीची शिलाई · १४ जून, सकाळी ११.३०

दादा, मला मोटारीतलं काही कळत नाही. मी ब्लाउज शिवते, २०११ पासून, डोंबिवलीत. पण तुमची पहिलीच पोस्ट वाचून राहवलं नाही. तुम्ही लिहिलंत "एकटाच करतो", आणि लगेच पुढच्या वाक्यात वहिनी पेपर कापतात, फोन घेतात, पंख्याची कॉइल भरतात. मग तुम्ही एकटे कसे?

हे मी रागाने लिहीत नाही, हीच चूक मी केली आहे. माझ्या सासूबाई सहा वर्षं माझ्या ब्लाउजना हुक लावायच्या, आतली हातशिलाई करायच्या. दुपारी टीव्हीसमोर बसून, गप्पा मारता मारता. मी सगळ्यांना सांगायचे, मी एकटी सगळं करते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते काम थांबलं. शेजारच्या इमारतीतल्या एका ताईंना द्यायला लागले तेव्हा त्यांनी ब्लाउजमागे १५ रुपये सांगितले. लग्नसराईत महिन्याला साठ-सत्तर ब्लाउज असायचे. त्या दिवशी बसून हिशोब केला आणि सासूबाईंच्या पायाशी जाऊन रडले. त्यांना कळेचना मी का रडतेय.

तर पहिला माणूस तुमच्याकडे आहेच. वहिनींना विचारा, त्यांना तार ओढायचं शिकायचं आहे का. हो म्हणाल्या तर पगार ठरवा, त्यांच्या नावाच्या खात्यात टाका. नको म्हणाल्या तर तेही मनापासून ऐका, त्यांच्यावर आणखी ओझं टाकण्यासाठी मी हे सांगत नाहीये. पंख्याची कॉइल भरणाऱ्या हाताला मोठी मोटार जमेल की नाही ते तुम्हीच जाणता.

शटर जड वाटण्याबद्दल. माझंही झालं होतं, २०१८ च्या डिसेंबरात. मशीनकडे बघवत नव्हतं. मला वाटायचं माझ्यातली हौस संपली. नंतर कळलं, शिवणाचा कंटाळा नव्हताच, फोनचा होता. "झाला का, कधी देता, काल म्हणाला होतात." टाका घालताना दहा वेळा उठायचं आणि दहा वेळा माफी मागायची. मी दाराला पाटी लावली आणि फोन सकाळी १० ते ११, संध्याकाळी ६ ते ७ एवढाच घ्यायला लागले. दोन गिऱ्हाइकं रागावली. बाकीच्यांनी आठवड्यात सवय करून घेतली. महिन्याभराने एक दिवस मी एक बाही तीन वेळा उसवून पुन्हा लावली, फक्त ती सुंदर बसावी म्हणून, आणि मला एकदम जाणवलं की हे मी खूप दिवसांनी केलं. वासावरून मोटार ओळखायचा तुमचा आनंदही असाच कुठेतरी दबलेला असेल.

वहीबद्दल माझा अनुभव असा, की मी कटिंग कुणाला देत नव्हते. कटिंग म्हणजे मीच, असं वाटायचं. आधी फॉल-पिको बाहेर दिलं, मग हुक, मग अस्तर. कटिंग द्यायला मला आठ वर्षं लागली. देऊन झाल्यावरसुद्धा बायका "ताई, माप तुम्हीच घ्या" म्हणतात.

---

जुना हाताखालचा · १४ जून, रात्री ९.१५

निफाडकडचा आहे. दादा, तुमच्याकडून जो पोरगा शिकून गेला, त्याच्या जागेवर मी होतो. म्हणून लिहितो.

मी सहा वर्षं उस्तादांकडे होतो. सोळाव्या वर्षी लागलो. माणूस देव होता, माझ्या बहिणीच्या लग्नात न मागता पैसे दिले. पण वही उघडली की डाव्या हाताने पान झाकायचे. वेढे तोंडी सांगायचे: "बारा ओढ", "चौदा ओढ". का बारा, का चौदा, विचारलं की म्हणायचे, कळेल हळूहळू. सहा वर्षांत कळलं नाही. कनेक्शन करायची वेळ आली की मला चहा आणायला पाठवायचे. आमचा चहावाला लांब होता.

एकदा एका शेतकऱ्याने येऊन सांगितलं, तुम्ही भरलेली मोटार चार वर्षं झाली, एकदाही वर काढली नाही. ती मोटार पहिल्या वेढ्यापासून शेवटच्यापर्यंत मी भरली होती. उस्ताद हसले आणि म्हणाले, आपलं काम असंच असतं. मी तिथेच दोन हातांवर बसून होतो. "हा पोरगा भरतो" एवढे तीन शब्द बोलले असते तर मी आजही तिथेच असतो, असं मला खरंच वाटतं. लोकांना वाटलं मी पैशासाठी गेलो. पगार कमी होता हे खरं, पण मी निघालो ते त्या दिवशी मनाने.

दुकान टाकलं. उस्ताद बोलायचे बंद झाले. रस्त्यात दिसले की मी गाडी थांबवायचो, ते पुढे जायचे. तीन वर्षांपूर्वी गेले. दहाव्याला गेलो होतो. नंतर घरच्यांनी दुकानाची जागा विकली, सामान भंगारात दिलं, आणि त्यांची ती वही रद्दीत गेली. त्यातलं निम्मं आज कुणालाच येत नाही. मला दिली असती तर मी जपली असती.

माझ्याकडे आता दोन पोरं आहेत. पहिल्या दिवशीच सांगतो: पाच वर्षांनी तू तुझं दुकान टाकशील, टाक. तेव्हा या रस्त्यावर नको, पलीकडच्या पट्ट्यात टाक, मीच तुला गिऱ्हाईक पाठवीन. कागद केलेला नाही, शब्दावर आहे. एक गेला मागच्या वर्षी. त्याच्याकडे साडेसातच्या वरच्या मोटारी जमत नाहीत, त्या माझ्याकडे येतात, आणि माझी गर्दी झाली की मी त्याच्याकडे पाठवतो. एप्रिलमध्ये माझ्या दारातून माणूस परत जातो, पण तो त्याच्याकडे जातो.

तुमच्या त्या पोराचं दुकान तीन किलोमीटरवर आहे ना? एप्रिलमध्ये तुमच्याकडून परत गेलेले कुठे गेले ते विचारलं का कधी?

---

कागदपत्रं सांगतो · १५ जून, सकाळी ९.००

मी हिशोबाची कामं करतो, थोडक्यात लिहितो. दोन-चार माणसांच्या दुकानाला महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम नोंदणी फुकट आहे, स्वतः करता येते, कुणाला पैसे देऊ नका. फळीवरच्या मोटारींच्या तारेसाठी मुद्रा कर्ज बघा. शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तारण लागत नाही. तीन-चार मोटारींना शिशु पुरेल. आयटीआयचा शिकाऊ उमेदवार सरकारी योजनेतून घ्यावा असं कुणी सुचवेल, पण त्याला दुकानात किमान चार माणसं लागतात, तुम्हाला आज ते लागू नाही. २०२३ ची विश्वकर्मा योजना १८ धंद्यांना आहे. त्यात शिवणकाम आहे, डोंबिवलीच्या ताईंनी बघावी. मोटार भरणं त्यात नाही. आणि वहिनींना पगार देणार असाल तर रोख नको, खात्यावरच द्या आणि त्यांच्या कामाची नोंद ठेवा.

---

तासगावचा वायंडर · १५ जून, रात्री ११.५०

निफाडचे दादा, नाही विचारलं कधी. आज गेलो.

तो स्टेटरवर वाकून बसला होता. मला बघून उभा राहिला, स्टूल पुसून दिलं. दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग मी विचारलं, एप्रिलमध्ये किती आल्या? म्हणाला, छत्तीस, त्यातल्या दहा तुमच्याकडून आलेल्या, मी त्यांना सांगायचो की मी त्यांच्याकडंच शिकलो. मला हे माहीत नव्हतं. चार वर्षं मी त्या रस्त्यानं जात नव्हतो.

बाकीचं नंतर लिहितो. बायकोशीही बोलायचं आहे.

---

तासगावचा वायंडर · ३० ऑगस्ट, रात्री १०.१०

सगळ्यांना नमस्कार. अडीच महिने झाले. लिहायचं राहिलं म्हणून आज बसलो.

बायकोला विचारलं त्या रात्री ती पटकन काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, सहा वर्षं मी तार ओढायचं बघतेच आहे, तुम्ही बोलावलं नाही म्हणून हात लावला नाही. खाली बसून तिचे गुडघे दुखतात, म्हणून लाकडी घोडा करून घेतला. स्टेटर कमरेच्या उंचीवर येतो आणि दोन बाजूंना दोघं बसता येतं. एक घालणारा, एक ओढून घेणारा. गंमत अशी की पंधरा वर्षं मी जमिनीवर बसून पाठ मोडून घेतली आणि हा घोडा अडीच हजारात झाला. दोघांनी ओढला की एक स्टेटर पावणेतीन तासांत होतो. ओढणारा समोर असला की तार धारेला घासत नाही, हाही फायदा. जुलैपासून तिच्या खात्यावर महिन्याला ७,००० टाकतो. ऑगस्टमध्ये कमी टाकावे लागले, ४,०००. ते मी तिला आधी सांगितलं आणि बाकीचे एप्रिलमध्ये देणार आहे, वहीत लिहून ठेवलंय.

दर वाढवला, सगळ्याच मोटारींना. अजून कुणी बोललं नाही. पंखे बंद केले नाहीत, पण मिक्सर बंद केले. फोनच्या वेळांची पाटी लावली, तीही ताईंच्या म्हणण्याप्रमाणं, फक्त ज्याची मोटार आत्ता जळाली त्याच्यासाठी दुसरा नंबर ठेवला, तो बायकोकडं असतो.

भंगारातून चार मोटारी आणल्या. मुद्राचं बँकेत दोन खेपा झाल्या, अजून झालेलं नाही, म्हणून तार सध्या उधारीवर घेतली. दोन ५ एचपी, एक साडेसात, एक ३. एकीचा शाफ्ट आतून गंजलेला निघाला, ती सुट्या भागांना ठेवली. म्हणजे फळीवर तीन.

त्या पोराशी ठरलंय की बोअर खोल असेल, साडेसातच्या वरची मोटार असेल तर माझ्याकडं, मोनोब्लॉक नि ओपनवेलची गर्दी झाली तर त्याच्याकडं. गणपतीत घरी येऊन गेला.

अजून पोरगा ठेवलेला नाही. गावातल्या एकाचा आयटीआय पुढच्या वर्षी संपतोय, वायरमनचा. त्याला बोललोय, पाच वर्षांचंही बोललोय, जसं निफाडच्या दादांनी लिहिलं तसंच. त्याचे वडील जरा चकित झाले.

शटरचं विचाराल तर रोज हलकं वाटतं असं नाही. कालच एक गिऱ्हाईक उधारीवरून भांडून गेलं आणि आज सकाळी पुन्हा तोच गोळा. पण गेल्या आठवड्यात एक मोटार आली, खोलली तर दोन फेजच्या कॉइल काळ्या, तिसरी तांब्यासारखी लाल. मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, एक फेज गेला हो हिचा.

वहीत नवा रकाना आखलाय, शेवटी. कुणी भरली. साडेसातची पहिली तिनं एकटीनं भरली, मी फक्त ओढून घ्यायला समोर होतो. वेढे तिनं वही समोर ठेवून स्वतः मोजले. रात्रभर पाण्यात ठेवली. पहाटे उठून ती माझ्याआधी दुकानात गेली होती, मेगर घेऊन दाराशी उभी. मी हँडल फिरवलं, तिनं काटा वाचला. शंभरच्या पुढं, पास. मग रकान्यात तिनंच तिचं नाव लिहिलं, पूर्ण.